विमानातला उतारू

मराठी वाङ्मयात विमान फार जुने आहे, पण विमानातला उतारू मला त्यात अजून नीट भेटलेला नाही. दिवाळी अंकांतील प्रवासवर्णने वाचण्याची हौस मला शाळकरी वयापासून आहे. आजही अंक हाती आला की चकलीचा तुकडा मोडता मोडता मी आधी अनुक्रमणिकेत प्रवासवर्णन कुठे आहे ते शोधतो. त्या वाचनातून ही तक्रार हळूहळू तयार झाली, आणि वाचकांची हरकत नसेल तर ती आज मांडावी म्हणतो. 'उतारू' हा जुना शब्द मी मुद्दाम वापरला आहे. 'प्रवासी' म्हटले की डोळ्यांपुढे हौस उभी राहते. 'उतारू' म्हटले की हातातले गाठोडे, खिशात दोनदा चाचपून पाहिलेले तिकीट आणि जिथे उतरायचे ते गाव दिसते. रेल्वेत उतारू असतात, एस. टी.त असतात. विमानातही ते असू शकतात ही गोष्ट आमच्या लेखकांच्या अजून ध्यानात आलेली दिसत नाही.

आपल्या मनातले पहिले विमान बहुधा तुकोबांचे असते. सदेह वैकुंठगमनाचे चित्र पूर्वी कितीतरी घरांच्या भिंतींवर असे. मग १९३६ साली 'प्रभात'च्या दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम' काढला, विष्णुपंत पागनीसांना त्या विमानात बसवले, आणि ज्यांनी गाथा उघडूनही पाहिली नव्हती त्यांच्या डोळ्यांतही ते विमान कायमचे बसले. त्या कथेत मला नेहमी जिजाईची आठवण राहते. तुकोबा निघाले, घर, मुले आणि चूल यांच्याजवळ ती मागे राहिली. ते विमान एका माणसाचे होते. भक्तिभावाने पाहिले तर यात काही उणे नाही, कारण वैकुंठाला जाणाऱ्या वाहनाला परतीची फेरी नसते. पण त्यानंतर आमच्या कथा-कादंबऱ्यांत जे विमान आले त्यालाही तोच आकार चिकटून राहिला. कोणीतरी एक थोर, भाग्यवान किंवा श्रीमंत माणूस वर जातो, आणि बाकीचे खालून हात हलवतात.

दुसरे विमान प्रवासवर्णनातले. यातल्या चांगल्या पुस्तकांवर माझे प्रेम आहे. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' किंवा व्यंकटेश माडगूळकरांचे 'पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे' ही माझ्या कपाटात हाताशी असतात. मी बोलतो आहे ते दरवर्षी ढिगाने निघणाऱ्या वर्णनांविषयी. त्यांत विमान म्हणजे परदेशाचा उंबरठा. पट्टा बांधला, कानांत दडे बसले, कापसाच्या गाद्यांसारखे ढग दिसले, आणि दुसऱ्या परिच्छेदात लेखक लंडनला चहा पीत असतो. विमानात शेजारी कोण बसले होते हे विचारायची सोय नाही. हे लेखक आगगाडीत बसले तर शेजाऱ्याच्या डब्यातील लोणच्यापर्यंत पोचतात. विमानात बसले की ते एकदम एकटे होतात.

तिसरे विमान विनोदी लेखकांचे. खेड्यातला गडी विमानात बसतो, तंबाखू थुंकायला खिडकी उघडा म्हणतो, हवाई सुंदरीला 'बाई, गाडी कुठं थांबती' असे विचारतो, आणि वाचक हसतात. या विनोदाचा मला कंटाळा आला आहे. तो ग्राम्य आहे हे त्याचे कारण नव्हे. ग्राम्य विनोद मला आवडतो. पण हा विनोद ज्याने लिहिला त्याने खेडूत पाहिलेला नाही आणि विमानही पाहिलेले नाही, हे पहिल्या चार ओळींत कळते. पहिल्यांदा विमानात बसलेला आमच्याकडचा माणूस विलक्षण सावध असतो. कोणी काही चूक काढू नये म्हणून तो समोरच्या माणसाचे पाहून पाहून प्रत्येक गोष्ट करतो. त्याचे खरे नाट्य त्या सावधपणात आहे.

आमच्या भागाला आणखी एक विमान ठाऊक होते, आणि ते भीतीचे होते. १९४८ साली हैदराबाद संस्थानाचा प्रश्न पेटला असताना सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमाने कराचीहून निजामासाठी शस्त्रे घेऊन येत. बीदरची धावपट्टी ही त्यांच्या उतरण्याच्या जागांपैकी एक. बीदर आमच्या मुखेडपासून लांब नाही. सप्टेंबरात हिंदी सैन्य आले, १७ तारखेला संस्थान शरण आले, आणि ते विमान इतिहासजमा झाले. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर पुष्कळ लिहिले गेले. या आकाशातल्या घरघरीवर मात्र माझ्या वाचनात काही आले नाही.

आता एस. टी.चे पाहा. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्यानंतर फार वर्षे लोटण्याच्या आत ती कथेत आली, लघुनिबंधात आली, तमाशाच्या बतावणीत आली. पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' कोणाला ठाऊक नाही? गाडीखाली म्हैस आली एवढ्या एका घटनेत सगळा समाज गाडीबाहेर उतरून उभा राहतो: पुढारी, मास्तर, कंडक्टर, म्हशीचा मालक, फौजदार. ते लिहिणे शक्य झाले याची कारणे दोन. एक, लेखक स्वतः त्या गाडीत तिकीट काढून, इतरांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. दुसरे, ती गाडी थांबते. वाहन थांबले की माणसे बोलू लागतात, आणि माणसे बोलू लागली की आमच्या भाषेला पाय फुटतात. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचेही तसेच. गांधीजींनी १९१७ साली त्या वर्गाच्या हालांवर एक पुस्तिकाच लिहिली. तिसरा वर्ग पुढे १९७४ साली रद्द झाला, पण तोपर्यंत आमच्या गद्याला तो भरपूर देऊन गेला होता.

मग आजचा तिसरा वर्ग कुठे आहे? मी म्हणतो, तो काही अंशी आकाशात आहे. त्याला 'इकॉनॉमी' म्हणतात. नाव काटकसरीचे आहे, आणि ही काटकसर विमानात बसल्यावर गुडघ्यांना कळते.

हे लिहिताना माझ्यापुढे नांदेडचा विमानतळ आहे. मुखेडला रेल्वे नाही. (मुदखेडला आहे, आणि आमची पाहुणेमंडळी कधीमधी तिथे उतरून फोन करतात, तो भाग निराळा.) नांदेडला रेल्वे जुनी आहे, आणि आता विमानही आहे. गुरु गोविंदसिंहजींचे १७०८ साली नांदेडला निर्वाण झाले. २००८ साली गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी आली आणि तिच्या निमित्ताने विमानतळाचे रूप पालटले. मग २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतले पहिले मार्ग एकदम उघडले. पंतप्रधानांनी शिमल्याहून दिल्लीच्या विमानाला निशाण दाखवले, आणि त्याच कार्यक्रमात कडप्पा-हैदराबाद व नांदेड-हैदराबाद या मार्गांचाही आरंभ झाला. म्हणजे साऱ्या देशातल्या या प्रयोगाच्या पहिल्या पानावर नांदेडचे नाव आहे. तासाभराच्या प्रवासाला साधारण २,५०० रुपये, निम्म्या आसनांना ही मर्यादा, आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरायची, असा तो हिशेब होता. पायात हवाई चप्पल असलेल्या माणसाने हवाई जहाजात बसावे, ही त्या योजनेची घोषणा सगळ्यांनी ऐकली आहे. घोषणा म्हणून ती चांगली आहे. कथाबीज म्हणून तर फारच चांगली आहे, पण ते कोणी उचलले नाही.

त्या मार्गावर ट्रूजेटची ए.टी.आर. जातीची, पंख्यांची विमाने होती. या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालची जमीन अडत नाही. दोन-दोन आसनांच्या रांगा, मधले आसन नाही. उतारूंनी चढायचे ते शेपटीकडच्या दाराने, एस. टी.च्या जुन्या गाड्यांसारखे. ट्रूजेटची उड्डाणे फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. पुढे २०२४ साली स्टार एअरने नांदेडहून बंगलोर, दिल्लीजवळचे हिंडन आणि जालंधरजवळचे आदमपूर असे मार्ग सुरू केले. त्यांचे ब्राझीलमध्ये बनलेले विमान ७६ आसनांचे. पुढे १२ मोठी आसने, मागे ६४ काटकसरीची. पंजाबहून हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे भाविक, बंगलोरला नोकरीला असलेली आमची पोरे, हैदराबादच्या इस्पितळांत जाणारे रोगी आणि त्यांच्या सोबतीला निघालेले नातेवाईक, अशी या मार्गांवरची वस्ती. एवढी माणसे एका नळकांड्यात एकत्र बसतात, आणि आमचा कथाकार अजून चाळीतल्या जिन्यावर कोण कोणाला भेटले ते लिहीत बसला आहे!

विमानतळावरचे नियमदेखील वाचण्यासारखे असतात. देशांतर्गत विमानात शीख उतारूला कृपाण बाळगता येते, पण पाते ६ इंचांहून आणि एकूण लांबी ९ इंचांहून अधिक नको. सुके खोबरे मात्र चालत नाही, कारण त्यातले तेल पेट घेऊ शकते. शबरीमलाला जाणाऱ्या भाविकांना नारळ हातातल्या सामानात नेता यावा म्हणून २०२४ साली तात्पुरती सवलत द्यावी लागली. सर्वसाधारणपणे सात किलो हातात आणि पंधरा किलो विमानाच्या पोटात. आता दिवाळीत लेकाकडे निघालेल्या आईची पिशवी डोळ्यांपुढे आणा. करंज्यांत खोबरे आहे, ते चालते का? लोणचे हातात चालत नाही, मग पोटात चालते का? बरणी फुटली तर? या प्रश्नांनी एखादी बाई तिकीट काढल्यापासून झोपलेली नसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या हाती हा विषय लागता तर त्यांनी एका पानात तो अजरामर केला असता. आम्ही मात्र ढग कापसासारखे होते एवढेच लिहितो.

मी स्वतः एकदा नांदेडहून हैदराबादला विमानाने गेलो. कंपनी कोणती आणि काम काय, याचा इथे संबंध नाही. हवाई सुंदरीच्या सूचना इंग्रजीत व हिंदीत झाल्या. माझ्या शेजारी, उजव्या अंगाच्या खिडकीत, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. पांढरे धोतर, डोक्याला पटका, मांडीवर इस्पितळाची फाईल आणि क्ष-किरणांचे मोठे पाकीट. हे पाकीट त्यांनी वरच्या फळीवर ठेवू दिले नाही. मुलगा हैदराबादला बांधकामावर मुकादम होता, तिकीट त्याने काढले होते. मी मास्तर आहे हे त्यांनी माझ्या पेनावरून की काय, आधीच ओळखले होते.

"मास्तर, ह्या खिडकीतून आपलं मुखेड दिसंल का?"

"दिसंल की मामा. उजव्या अंगालाच पडतंय."

मुखेड दिसले की नाही कोणास ठाऊक. वरून सगळी गावे सारखीच, पत्र्यांची चमक आणि मधोमध एक झाडांचा पुंजका. पण थोड्या वेळाने त्यांनी माझ्या मनगटाला धरून मला खिडकीकडे ओढले. खाली एक रस्ता दिसत होता.

"ती देगलूरची सडक. बाहत्तरच्या दुष्काळात मी त्या सडकंवर खडी फोडलो. तीन महिने."

मग त्यांनी अंगठ्याचे नख काचेला लावले, एक डोळा मिटला, आणि तेवढा रस्ता नखाखाली झाकून पाहिला. पुन्हा नख काढून पाहिले. "एवढीशीच दिसूलालीय," म्हणाले, आणि त्यानंतर निजामसागरचे पाणी चमकेपर्यंत काही बोलले नाहीत. पुढच्या रांगेतील दोघे तरुण खिडकीचे झाकण ओढून झोपले होते. हा मार्ग त्यांच्या सवयीचा असावा.

माझा मुद्दा या नखात आहे, आणि तो नीट सांगायचा तर कालिदासाकडे जावे लागेल. 'रघुवंशा'चा तेरावा सर्ग म्हणजे आपल्याकडचे पहिले अव्वल दर्जाचे विमान-प्रवासवर्णन. रावणवधानंतर राम आणि सीता पुष्पकातून अयोध्येला निघतात. सबंध सर्ग म्हणजे खिडकीशी बसलेल्या नवऱ्याने बायकोला खाली बोट दाखवून सांगितलेल्या गोष्टी. कौतुकाने सीता खिडकीतून हात बाहेर काढते, ढगाला लावते, आणि विजेचे जणू कंकण तिच्या हाती येते. कोणत्याही पहिलटकर उतारूची हीच धडपड असते. आता काच आडवी येते, एवढेच. पण सर्गाचे मोठेपण या कल्पनाविलासात नाही. राम दाखवतो ती प्रत्येक जागा त्याने पायी तुडवलेली आहे. तुला शोधताना तुझे एक नूपुर मला जिथे पडलेले सापडले ती ही जागा, असे तो सांगतो. जिथे तो वेड्यासारखा रडत हिंडला ते डोंगर, पंपेचे पाणी, पंचवटी, आणि आपली गोदावरी. विमानाच्या घंटांचा नाद ऐकून तिच्यावरचे सारस पक्षी वर झेपावतात, जणू सीतेला सामोरे येतात. चौदा वर्षांची पायपीट एका सर्गात खालून सरकत जाते. रामाने ती वाट कधी चाललीच नसती, तो लंकेला विमानानेच गेला असता, तर हा सर्ग कसा झाला असता? ढग, समुद्र, कापूस. आमच्या आजच्या प्रवासवर्णनांसारखा.

उंचीवरून पाहण्याला अर्थ येतो तो खालून चाललेल्या माणसाकडून. हे एकदा मान्य केले की आजच्या विमानात लिहिण्यालायक माणूस कोण, याचे उत्तर आपोआप मिळते. दूरच्या विमानात बसणारा खाली समुद्र पाहतो, रात्र पाहतो; त्याच्या आयुष्यातले तिथे काही नसते. रोजचा सराईत झाकण ओढून झोपतो. पण नांदेड-हैदराबादसारख्या आखूड मार्गावर, स्वस्त आसनात, पहिल्यांदा बसलेला जो उतारू आहे त्याचा सगळा जन्म त्या खिडकीखाली पसरलेला असतो. ज्या वाटेने तो मजुरीला गेला, ज्या फाट्यावर रात्री गाडी चुकली म्हणून बसून राहिला, जिथे लेक दिली ते गाव, हे सगळे पाऊण-एक तासात त्याच्या खालून जाते. मार्ग आखूड आहे म्हणूनच ते जाते. पुष्पकाचा अधिकारी प्रवासी आज तो आहे.

आणि पुष्पक हे एका माणसाचे विमान नव्हते, याचीही आठवण द्यावीशी वाटते. वाल्मीकींच्या कथेत त्यात सगळी वानरसेना मावते. वाटेत किष्किंधा लागते तेव्हा सीता म्हणते, या वानरांच्या बायकांनाही बरोबर घेऊ या. विमान तिथे थांबते आणि तारा व इतर स्त्रिया चढतात. अधल्या मुक्कामावर थांबून बायाबापड्यांना घेणारे विमान आपल्या आदिकवीने कल्पिले होते. मग तुकोबांच्या विमानापाशीच आमची कल्पना का अडली?

पाश्चात्त्यांकडेही हा प्रश्न सुटलेला आहे असे मला वाटत नाही. तिकडचे आकाशाचे थोर वाङ्मय वैमानिकांनी लिहिले. फ्रेंच लेखक सेंत-एक्झुपेरी टपालाची विमाने चालवीत असे. वाळवंटे, वादळे, रात्री, सगळे त्याने जसे लिहिले तसे क्वचितच कोणी लिहिले असेल. पण १९३९ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाच्या अखेरीस तो कुठे जातो? आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात. फ्रान्समधून मायदेशी परत पाठवलेले पोलिश मजूर तिथे एकमेकांवर कलंडून झोपले आहेत, आणि त्यांच्यातल्या एका बाळाचा चेहरा पाहून तो अस्वस्थ होतो. साऱ्या आकाशात हिंडून आलेल्या लेखकाला माणूस पाहायला जमिनीवरच्या रेल्वेच्या डब्यात यावे लागले, कारण तेव्हा तो मजूर विमानात नव्हता. आज तो आहे. हैदराबादच्या, पुण्याच्या, बंगलोरच्या इमारतींवर राबणारा आमच्या तालुक्यातला माणूस एखाद्या वेळी का होईना, विमानाने गावी येतो.

एका टीकाकार मित्राने यावर आक्षेप घेतला. तो म्हणाला, तासाभरात काय घडणार? सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले, कोणी कोणाशी बोलत नाही, गाडी मध्ये थांबत नाही, कंडक्टर भांडत नाही. म्हैस आडवी येणार कुठून? आक्षेप वजनदार आहे, आणि निम्मा खरा आहे. संवादावर जगणाऱ्या लेखकाला या वाहनात उपासमार घडेल. पण तासाभराची गोष्ट तासातच घडली पाहिजे असे कोणी सांगितले? गोष्ट तिकिटापासून सुरू होते. सधन माणूस विमानाने जातो तेव्हा त्याला कारण लागत नाही. आमच्याकडचा माणूस जातो तेव्हा काहीतरी झालेले असते. उद्या सकाळी मुलाखत आहे आणि आज संध्याकाळी पत्र कळले. रोग्याला बारा तास गाडीत बसवू नका असे डॉक्टर म्हणाले. किंवा बाप गेला.

शेवटचे जरा उलगडून सांगतो, कारण ते मी गावात पाहतो आहे. पूर्वी माणूस सकाळी गेला तर दुपारपर्यंत उरकत असत. मुलगा परगावी असेल तर तो नंतर येई, आणि सावडण्यालाच काय ते त्याला बाप भेटे. आता फोन जातो. मुलगा म्हणतो, थांबा, मी विमानाने येतो. मग सगळा गाव थांबतो. लाकडे रचून होतात, भजनी मंडळी दोनदा चहा पिऊन येतात, बायकांचे रडणे थकून पुन्हा सुरू होते, आणि म्हातारे एकमेकांना विचारतात, "इमान कव्हा उतरंल?" विमान उतरल्यावर नांदेडहून मुखेडला यायला पुन्हा जीपने दीड-दोन तास. विमान ज्यांनी जन्मात पाहिले नाही अशा शेकडो माणसांची संध्याकाळ त्या विमानाच्या वेळेला बांधलेली असते. आणि तो मुलगा? तो चौसष्ट स्वस्त आसनांपैकी एकावर पट्टा बांधून गप्प बसलेला आहे; हवाई सुंदरी त्याला हसून पाण्याचा पेला देते; त्याच्याशी कोणी बोलत नाही, रडायची सोय नाही. एस. टी.त तो रडला असता तर शेजारच्या बाईने पाठीवरून हात फिरवला असता, चार प्रश्न विचारले असते, पुढच्या फाट्यावर चहा पाजला असता. इथे तासभर त्याला तोंड सरळ ठेवून बसायचे आहे. माझ्या मित्राने म्हशीची मागणी केली. याहून मोठी म्हैस त्याला कोणती हवी?

विमानातला अबोला हा कथेचा शत्रू आहे असे धरून आम्ही हात झटकले. वस्तुतः अबोला हाच तिथला विषय आहे. संवाद नसेल तेव्हा गद्याने काय करायचे, हे आमच्या नवकथेला चांगले ठाऊक होते. माणसाच्या आत उतरायला तिने आम्हाला शिकवले. पण नवकथेने ते तंत्र शहरी खोल्यांत वापरले, आणि ग्रामीण कथेने संवादाचा फड मांडला. धोतर नेसलेला माणूस गप्प बसून काही विचार करतो, त्याच्या मनात स्मृतींची सरमिसळ होते, हे लिहायला दोघींनाही फारसे सुचले नाही. आता तो माणूस अशा ठिकाणी जाऊन बसला आहे की तिथे बोलताच येत नाही.

हे लवकर झाले पाहिजे असे मला वाटते, आणि त्याला कारण आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ सालच्या अहवालात 'उडान'चा हिशेब आला. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ११२ मार्गांनी, आणि मुदतीनंतरही, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले अवघे ५४. अर्थशास्त्रातले मला कळत नाही. मला एवढेच दिसते की सडक बंद पडली तरी सडक राहते. तिच्या कडेला मैलाचा दगड राहतो, चहाच्या टपरीचा ओटा राहतो, खडी फोडणाऱ्याच्या हाताला घट्टे राहतात. हवेतला मार्ग बंद पडला की काहीच मागे राहत नाही. २०१७ पासून जवळजवळ पाच वर्षे ती पंख्यांची विमाने नांदेडहून उडाली. त्यांत हजारो माणसे आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवरून उठली. त्या पाच वर्षांची एक कथा, एक लघुनिबंध, एखादी कविता माझ्या पाहण्यात नाही. कोणाजवळ असेल तर मला जरूर पाठवावी. मी टपालाचा खर्च देईन.

शाळेत मी दरवर्षी नववीच्या वर्गाला 'माझा विमानप्रवास' असा निबंध घालतो. बहुतेक मुले विमानात बसलेली नसतात, त्यामुळे मार्गदर्शकातले ढग सगळ्यांच्या वहीत सारखे येतात. गेल्या खेपेला एका मुलीने निराळे लिहिले. तिचा बाप हैदराबादला मिस्त्रीच्या हाताखाली आहे. आजी अत्यवस्थ झाली तेव्हा तो एकदा विमानाने आला होता. मुलीने विमानाचे वर्णन केले नव्हते, कारण ती त्यात बसली नव्हती आणि बापाने काही सांगितले नव्हते. तिकीट किती रुपयांचे, ते कोणाकडून उसने घेतले, ती रक्कम फेडायला किती हजेऱ्या लागल्या, आणि आजी त्यानंतर आठ दिवस जगली म्हणून बापाला बरे वाटले की वाईट हे तिला अजून कळलेले नाही, असे तिने दीड पानात लिहिले होते. शेवटी एक ओळ होती: बाबांनी विमानातून आणलेली कागदाची पिशवी आईने पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. मी तिला दहापैकी आठ गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले.